टर्बो मागवण्याआधी

चि. संकेत,


नवा टर्बो बसवून आठवडा झाला नाही तोच त्या डिझेल गाडीने पुन्हा निळा धूर मारला, आणि तू दुसरा मागवायला निघालास. थांब. गिऱ्हाइकाने कर्ज काढून गाडी चालती ठेवली आहे, त्याचे पैसे असे जाता कामा नयेत.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याच्या बुशांना ऑइल पंप दाबाने तेल देतो, पण परत इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जाताना त्या तेलामागे दाब नसतो. ते फक्त आपल्या वजनाने उतरतं, तेही ताकावरच्या फेसासारखं घुसळलेलं. म्हणून तर येणारी नळी बारीक आणि रिटर्न पाइप जाड असतो. टर्बोत रबरी सील नसतात, पिस्टनला असतात तशा बारीक रिंगा असतात. तेल साचलं की त्या ते अडवू शकत नाहीत. मग ते एकीकडून इंटरकूलरच्या पाइपात जातं, नाहीतर दुसरीकडून सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं. टर्बो कोरा असला तरी हेच होणार.

तेव्हा आधी रिटर्न पाइप काढून आरपार बघ. आत जळक्या तेलाचा थर धरला असेल, किंवा गॅस्केटला लावलेलं सिलिकॉन दाबून तोंडात आलं असेल. पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आतच उतरला पाहिजे, कुठेही वळसा किंवा पोट नको. चेंबरमधलं त्याचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर असतं, त्यामुळे तेल जास्त भरलेलं असलं की ते तोंड बुडून वाट तुंबते. डिपस्टिक बघितलीस का?

पाइप साफ निघाला तर ब्रीदरकडे वळ. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली येतोच, प्रत्येक इंजिनात. ब्रीदर किंवा त्याचा ऑइल सेपरेटर चोंदला की तो वायू क्रँककेसमध्ये कोंडतो, आणि रिटर्न पाइप त्याच जागेत उघडत असल्याने तेल वरच अडतं. ऑइल कॅपवर हात धरून अंदाज बांधू नकोस. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोड, त्याचा यू करून थोडं पाणी भर आणि रेस देऊन बघ. पाणी चढत गेलं तर ब्रीदरचा पाइप सोडून पुन्हा बघ. दाब पडला तर अडथळा पुढे आहे. सुटलेल्या पाइपातूनही जोराने भपकारे येत राहिले तर रिंगा गेल्या आहेत, आणि ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल, बिल कितीही होवो.

 

इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ ओलावा दिसला तर घाबरू नकोस, ब्रीदरची वाफ टर्बोच्या आधीच आत जाणाऱ्या हवेत मिसळते. तेल साचलेलं असेल तरच ती गळती.

पाइप काढलास की फोटो पाठव. जुना टर्बो भंगारात दिला नसशील तर ठेवून दे. मी रविवारी येतो, त्याच्या शाफ्टचा प्ले दोघे मिळून बघू.

तुझा,
दिनूमामा