डिकीचा दरवाजा उघडा राहत नाही तेव्हा

भिवंडी



कापडाच्या धंद्यात नव्याने पडलेला तरुण गाडीचे इंजिन, ब्रेक आणि टायर यांकडे लक्ष देतो. मागच्या दरवाजाकडे, म्हणजे डिकीकडे, मात्र तो खाली येऊ लागल्यावरही फारसे पाहत नाही. भिवंडीत ही हयगय अधिक महागात पडू शकते. हे शहर देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असून अंजूरफाटा, काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात गोदामांची दाटी झाली आहे, आणि नमुन्याचे तागे किंवा सुताचे कोन यांसारखा थोडका माल लहान मोटारींच्या डिकीतून सर्रास हलवला जातो. अशा वेळी उघड्या दरवाजाखाली बहुधा मालक नसतो, तर हमाल किंवा मदतीचा पोरगा डोके आत घालून वाकलेला असतो. म्हणून दरवाजाला बांबूचा टेकू लावून दिवस ढकलणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आपली पाना-पेचकसाची मेहनत वाचवणे होय.

दरवाजा ज्याच्या बळावर उघडा राहतो, त्या नळकांड्याला गॅस स्ट्रट म्हणतात आणि गॅरेजमध्ये तेच ‘डिकीचे शॉकअप’ म्हणून ओळखले जाते. बंद पोलादी नळीत मोठ्या दाबाने नायट्रोजन वायू आणि थोडेसे तेल भरलेले असते. नळीच्या तोंडाशी रबरी सील असते आणि त्यातून गुळगुळीत पोलादी दांडा आत-बाहेर सरकतो. दांड्याच्या आतील टोकावरील दट्ट्याला बारीक छिद्र असल्याने वायूचा दाब त्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच राहतो, आणि त्यामुळे बाहेर ढकलणारे बळ हे वायूचा दाब आणि दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके भरते. हे बळ न्यूटनमध्ये मोजून नळीवर छापलेले असते. समजा तेथे 450 न्यूटन असा आकडा आहे, तर ते बळ सुमारे 46 किलो वजनाइतके होते. दांडा 8 मिलिमीटर जाडीचा असेल तर आतील दाब जवळजवळ 90 बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे 40 पट असतो. बिजागऱ्या वरच्या कडेला आणि शॉकअपची टोके त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर असल्याने दरवाजा 20 किलोंचा असला तरी त्याला पेलण्यासाठी इतके मोठे बळ लागते.

हा वायू वर्षानुवर्षे सीलमधून कणाकणाने निसटत राहतो. दांड्यावर गंज चढला किंवा ओरखडा पडला की सील लवकर झिजते, आणि यंत्रमागांच्या वस्तीत हवेत तरंगणारा कापसाचा तूस तेलकट दांड्यावर चिकटून त्यात भरच घालतो. म्हणून दांडा अधूनमधून मऊ कोरड्या फडक्याने पुसावा, त्यावर ग्रीस मात्र लावू नये. बिघाडाची पहिली खूण थंडीत दिसते. वायू थंड झाला की त्याचा दाब घटतो, आणि 35 अंशांवरून 15 अंशांवर उतरताना बळ सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे दुपारी उभा राहणारा दरवाजा डिसेंबरच्या पहाटे खाली सरकू लागला, तर शॉकअप थकले आहे असे समजावे. तथापि नवा भाग घेण्यापूर्वी बिजागऱ्या ढिल्या आहेत का, टोकाचे गोल खुंटे हलतात का आणि दरवाजावर नंतर बसवलेल्या एखाद्या वस्तूचे वजन वाढले आहे का, हे पाहून घ्यावे.

बदल करताना दोन्ही बाजूंची शॉकअप एकदमच बदलावीत, कारण एक जोमदार आणि दुसरे दुबळे असेल तर दरवाजा तिरपा ताणला जातो आणि कुलूप नीट बसत नाही. नवा जोड त्याच गाडीसाठी असलेला, तेवढ्याच लांबीचा आणि तेवढ्याच न्यूटनांचा घ्यावा. अधिक बळाचा घेतल्यास दरवाजा बंद करताना पत्रा आणि बिजागऱ्या यांवर विनाकारण ताण येतो. काम दरवाजा पूर्ण उघडून, दुसऱ्या माणसाने तो धरलेला असताना आणि खाली भक्कम लाकडी टेकू लावूनच करावे. टेकूची योग्य जागा तेवढीच. शॉकअपच्या टोकाशी असलेली तारेची क्लिप पातळ पेचकसाने किंचित उचलावी, ती पूर्ण काढू नये, आणि मग टोक गोल खुंट्यावरून ओढून घ्यावे. नवे शॉकअप मोकळे असताना पूर्ण लांबलेले असते व हाताने सहसा दाबले जात नाही, म्हणून अर्धवट उघड्या दरवाजात ते बसवण्याची खटपट व्यर्थ होय. एका बाजूचे बसून ‘टक्’ असा आवाज आल्यावरच दुसऱ्या बाजूला हात घालावा. दरवाजा बंद असताना दांड्याचे टोक खाली राहावे, जेणेकरून नळीतील तेल सीलला भिजते ठेवील, असा सर्वसाधारण नियम आहे. तरीही जुने काढण्यापूर्वी ते कोणत्या दिशेने होते हे नीट पाहून ठेवावे.

थकलेल्या शॉकअपला भोक पाडून, व्हॉल्व्ह बसवून पुन्हा वायू भरून देणारे कारागीर भेटतात; पण भिंत कमकुवत झालेल्या, दाबाखालील नळीवर विश्वास टाकणे योग्य नाही, आणि त्यातून वाचणारे पैसे नव्या जोडाच्या मानाने गौण आहेत. जुने शॉकअप कापू नये, तापवू नये व जाळात टाकू नये, कारण थकले तरी त्यात दाब शिल्लक असतो. भिवंडीत भंगाराची दुकाने पुष्कळ असून तेथे लोखंड कापण्याचे काम चालतेच. म्हणून जुना जोड देताना भंगारवाल्याला आत दाबलेला वायू आहे हे तोंडी सांगावे आणि नळीवर खडूने तसे लिहूनही द्यावे.