अंगावर ओरखडा नव्हता म्हणून

११ जुलै २००६ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माहीमला मी शेजारच्या सेकंड क्लासमध्ये होतो. मला खरचटलंही नाही, त्यामुळे जखमींच्या कुठल्याच यादीत माझं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या, मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुक झालं. मीही कामावर गेलो, तेव्हा घरच्यांच्या लेखी विषय संपला.

पुढे मी चर्चगेटची नोकरी सोडून घराजवळची, कमी पगाराची धरली. आईकडे बघायला हवं, असं सांगितलं. बेवारस पिशवी दिसली की घाम फुटायचा. थोरला चुलतभाऊ चारचौघांत म्हणायचा, “ज्यांचे पाय गेले ते कामाला लागले, तुला काय धाड भरलीय?”

अनेक वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लोकल टाळायची म्हणून घेतलेला नाही, असा एखादा निर्णय सांगा.” नोकरी, घर, मुलाची शाळा... मी आठवत राहिलो. एकही सापडेना. तिथेच रडू फुटलं.

आघातानंतरचा हा मानसिक आजार, पीटीएसडी, फक्त जवानांचा नव्हे. अपघात, बलात्कार, भूकंप, घरातली मारहाण, जिवावरचं बाळंतपण, कशानंतरही होतो. महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, झोप उडाली असेल, तर थांबू नका. झोपेच्या गोळ्यांनी मला झोप लागली, आजार तिथेच राहिला. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत थेट विचारा: ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर या आघातावरच्या उपचारपद्धती शिकला आहात का? नुसत्या गोड गप्पांत माझे बरेच पैसे गेले. कुठे जावं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

मला दाखल व्हावं लागलं, तेव्हा विमा कंपनीच्या माणसाने विचारलं, “तुम्ही फौजेत होता का?” आणि क्लेम नाकारला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं कलम २१(४) पाठ करून ठेवा: विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. नकार लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे जा.

व्यायाम करा, चहा कमी करा, हे सगळेच सांगतात, करा. घरच्यांनी मात्र “आता विसर” म्हणू नये. दर जुलैत टीव्हीवर तीच दृश्यं लागतात, तेव्हा माझा मुलगा न विचारता चॅनल बदलतो. एवढं पुरतं. चुलतभावाशी मी बोलत नाही.