रात्री भट्टी विझली, तर सकाळी मासोळीचं काय करायचं?



माल जास्त आला आणि बर्फ अपुरा पडला, की उरलेल्या मासोळीला धुरी देऊन ठेवावी असं कोणालाही वाटतं. समजा, वीस किलो रोहू-कतला चिरून, मीठ लावून रात्री नऊला भट्टीवर चढवली. सगळे झोपले. सकाळी सहाला पाहतो तर विस्तव विझलेला, मासोळी कोमट. रंग छान तांबूस, वासही धुराचा. मग घरात एकच चर्चा होते: "पुन्हा पेटवू, काय बिघडतं?"

बिघडतं. आजचा धडा तेवढ्यासाठीच आहे.

धूर म्हणजे उष्णता नव्हे. धुरानं मासोळीला रंग येतो, वास येतो, वरचा थर थोडा टिकाऊ होतो. आतलं मांस मात्र उष्णतेनंच सुरक्षित होतं. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू वाढतात, आणि कोमट मासोळीत तर ते फार झपाट्यानं वाढतात. विझलेली बंद भट्टी म्हणजे त्यांच्यासाठी उबदार खोलीच.

पुन्हा गरम केल्यानं जंतू मरतात, पण काही जंतूंनी सोडलेलं विष तसंच राहतं. आपल्या हातावर, नाकात, जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो मिठातही तग धरतो आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. बाजारातून आणलेल्या बांगडा, तारली, ट्यूना या समुद्री माशांत हिस्टामिन तयार होतं, तेही शिजवून जात नाही. दोन्हींचा वास किंवा चव कळेलच असं नाही. म्हणून "वास घेऊन पाहू" हा उपाय इथं चालत नाही.

मग ठरवायचं कसं? घड्याळावरून. विस्तव नीट पेटलेला आणि मासोळी गरम असलेली शेवटची कोणी, किती वाजता पाहिली, तिथून वेळ मोजा.

१. दोन तासांच्या आत लक्षात आलं (उन्हाळ्यात ३२ अंशांवर गर्मी असेल तर एका तासाच्या आत): लगेच जोरात आच द्या. सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध ६३ अंश तापमान येऊन ते अर्धा तास टिकलं पाहिजे. ती मासोळी त्याच दिवशी खाऊन संपवा, साठवू नका.

२. त्याहून जास्त वेळ गेला: फेकायची.

३. विस्तव कधी विझला हे कोणालाच माहीत नाही: तरीही फेकायची.

वीस किलो माल फेकताना जीव तुटतो, हे आम्हालाही कळतं. पण तो माल घरच्या लेकराच्या ताटात जाईल, नाहीतर गिऱ्हाइकाच्या. एकदा गावात लोक आजारी पडले, की आपल्या सगळ्यांच्याच मासोळीकडे लोक पाठ फिरवतात. फेकलेला माल खोल खड्ड्यात पुरा. तळ्यात टाकू नका, कुत्र्या-कोंबड्यांना घालू नका.

ही वेळच येऊ नये म्हणून:

• आधी शिजवा, मग धूर द्या. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ट्यूना आधी उकळतात, मग धूर देतात, मग उन्हात खडखडीत वाळवतात. त्याला मासमीन म्हणतात. आपणही जोराची आच दिवसा, डोळ्यांसमोर द्यावी.
• पोट आणि कल्ले काढून, स्वच्छ धुऊन, सारख्या जाडीचे तुकडे करा. हाताला जखम असेल त्यानं मासोळीला हात लावू नये.
• रात्री भट्टी चालवायचीच असेल, तर दोघांची पाळी लावा. दर तासाला विस्तव पाहून वहीत वेळ लिहा.
• सुई खुपसून पाहायचा थर्मामीटर दोन-तीन घरांत मिळून एक घ्या.
• लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक अजिबात जाळू नका.
• ओलसर धुरावलेली मासोळी प्लास्टिकमध्ये हवाबंद करून बाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या जागी बोटुलिझमचा जंतू वाढतो. १९६३ साली अमेरिकेत अशाच पाकीटबंद धुरावलेल्या माशांनी माणसं दगावली होती. मासोळी गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

कोणी खाल्लीच असेल तर लक्ष ठेवा. काही तासांत उलटी, पोटात कळ, जुलाब सुरू झाले तर ओआरएस पाजा आणि दवाखान्यात न्या. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना किंवा गिळताना त्रास होणं, ही बोटुलिझमची लक्षणं आहेत. ती एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

घरात भट्टीचं काम बहुतेक बायाच सांभाळतात, तेव्हा ही माहिती त्यांना नक्की वाचून दाखवा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, आपण मिळून बोलू.