दंतोद्धरणानंतर गंडूष केव्हा द्यावा?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २२ व्या अध्यायात दंतोद्धरणाचा विचार आला आहे. नाडीव्रण ज्या दाताशी संबद्ध असेल तो दात काढावा, अधिदंत काढून त्या स्थानी अग्निकर्म करावे, असे तेथे सांगितले आहे. वरच्या पंक्तीतील दात मात्र हलत असला तरी काढू नये, असा निषेधही तेथेच आहे. त्याचे कारण रक्ताचा अतियोग. त्यातून एका डोळ्याची दृष्टी जाणे व अर्दित हे उपद्रव सांगितले आहेत. आज हा निषेध शब्दशः पाळण्याचे प्रयोजन उरलेले नाही, असे आमचे मत आहे. त्यामागील रक्ताविषयीची सावधगिरी मात्र आजही तितकीच खरी आहे.

ही गोष्ट आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. खालची दाढ काढून आलेल्या एका रुग्णास मुखशुद्धीसाठी त्याच सायंकाळी आम्ही त्रिफळा क्वाथाचे गंडूष दिले. तिसऱ्या दिवशी तो कानापर्यंत जाणारा ठणका घेऊन परतला. मुखास दुर्गंधी होती आणि खाचेत रक्ताची गुठळी नव्हती, तळाचे अस्थी उघडे दिसत होते. दंतवैद्य यास ड्राय सॉकेट म्हणतात. रुग्णाला पुन्हा त्यांच्याकडेच पाठवावे लागले. आमच्या गंडूषानेच गुठळी निघाली असे निश्चित म्हणता येणार नाही. तथापि ते देणे अयोग्य होते, याविषयी आम्हांस शंका नाही.

सूत्रस्थानात रक्तस्तंभनाचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय आले आहेत. दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावयास सांगतात, तो दाब स्कंदनास साहाय्यभूत होतो. खाचेत गोठलेले रक्त हेच त्या व्रणाचे आवरण होय. म्हणून पहिले २४ तास गंडूष, कवल, जोराने थुंकणे, नळीने ओढून पिणे हे सर्व वर्ज्य समजावे. तंबाखू व धूम्रपान त्यानंतरही काही दिवस टाळावे. आहार मऊ व कोमट असावा, चर्वण दुसऱ्या बाजूने करावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यावे. त्रिफळेची घाई नको. खाच भरू लागली की ती द्यावी.

दात काढण्यापूर्वीही आपले काम असते. रुग्ण मधुमेही आहे काय, रक्त पातळ करणारी किंवा अस्थिक्षयावरील औषधे घेतो काय, हे विचारून दंतवैद्यांस लेखी कळवावे. रक्त पातळ करणारे औषध आपण होऊन बंद करू नये. २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमात दंतोद्धरणाचा स्पष्ट उल्लेख केला. ते प्रशिक्षण ज्यांनी घेतलेले नाही, त्यांनी हात घालू नये.

दाब देऊनही रक्त न थांबणे, जबड्याखाली वाढती सूज, तोंड न उघडणे, गिळण्यास किंवा श्वासास त्रास, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.