सृष्टीचा कर्ता आणि माणसाची बुद्धी

'हे जग देवाने निर्माण केले' असे मानणारा माणूस बुद्धीने कमी असतो काय? प्रश्न साधा दिसतो. पण तो विचारताना आपण कोणाकडे बोट दाखवीत आहोत, याचे भान बहुधा राहत नाही. महाविद्यालयात आल्यापासून हा प्रश्न मी कधी वादाच्या, तर कधी थट्टेच्या रूपाने ऐकत आले आहे. उत्क्रांतीवरून चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतोच, "ब्रह्मदेवाने माणूस घडवला असे मानणारे अडाणी लोक अजून आहेत!" आणि सगळे हसतात.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गांधीबागेच्या कापड बाजारात गाठी वाहतात. आजीचे सारे आयुष्य हातमागावर गेले. दोघेही जग देवाने केले असेच मानतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते तरी केवळ परीक्षेचे नाही. शिक्षण घेणे म्हणजे आपल्याच माणसांना मूर्ख समजायला शिकणे, असा अर्थ असेल तर त्या शिक्षणाची किंमत फार मोठी आहे. उलट, घरच्यांचा मान राखण्यासाठी पुस्तकातले सत्य झाकून ठेवायचे असेल, तर तीही किंमत लहान नाही. या दोहोंमधून वाट निघते का, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रश्नाची फोड

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि जीवसृष्टी बदलत बदलत आजच्या रूपाला आली, याबद्दल विज्ञानात आता वाद नाही. चार्ल्स डार्विनचा 'प्रजातींचा उगम' हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सापडलेले जीवाश्म आणि पेशीतील डीएनएची तुलना, दोन्ही त्याच दिशेने बोट दाखवतात. तेव्हा सर्व प्राणी आज दिसतात तसेच एकदम घडवले गेले, हे विधान चुकीचे आहे. आजी म्हणते म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पण 'सृष्टीमागे कोणीतरी कर्ता आहे' हे विधान निराळे आहे. ते जीवाश्म मोजून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. वादात ही दोन विधाने आपण एकाच गाठोड्यात बांधतो. त्याहून मोठी गल्लत पुढे होते. विधान चुकीचे असणे ही एक गोष्ट आणि ते करणारा मंदबुद्धी असणे ही दुसरी. न्यूटनसारखा गणिती ईश्वराला सृष्टीचा कर्ता मानत होता. त्याची बुद्धी कमी होती असे कोण म्हणेल? 'तो जुन्या काळचा माणूस' असे यावर उत्तर येईल. म्हणून अलीकडचा आणि जवळचा दाखला घेऊ.

एक अलीकडचा वाद

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले होते. डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे ते तेथे म्हणाले. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणीही लिहिले वा सांगितले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे निराधार ठरवले. त्यांचे ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्याचा सल्ला त्यांना दिला.

आता सत्यपाल सिंह यांना अडाणी म्हणता येईल काय? त्यांनी रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते, भारतीय पोलीस सेवेची परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते आणि मुंबईचे पोलीस आयुक्तपद त्यांनी सांभाळले होते. ज्या स्पर्धा परीक्षांसाठी आपल्यातले कितीतरी विद्यार्थी रात्री जागवतात, ती त्यांनी पार केली होती. बुद्धी नव्हती असे नाही. मात्र युक्तिवाद कच्चा होता. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून एखादी गोष्ट घडलीच नाही असे म्हणायचे, तर सृष्टी घडताना तरी कोणी पाहिली? लाखो वर्षे चालणारा बदल एका माणसाच्या हयातीत दिसणार कसा? गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारीही गुन्हा स्वतः पाहत नाही. तो मागे राहिलेल्या खुणा वाचतो. उत्क्रांतीचा अभ्यासक तेच करतो. मला यातून एवढेच दिसते की, तपासाची हीच रीत दुसऱ्या प्रश्नाला लावायची की नाही, हे बुद्धी ठरवीत नाही. ते माणसाचे मन ठरवते.

गुरू आणि शिष्य

याच्या उलट बाजूचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. ब्रह्मदेवाच्या मुखातून एक वर्ण आणि पायांतून दुसरा वर्ण जन्मला, या कथेची त्यांनी त्यात संवादरूपाने अशी उलटतपासणी घेतली की कथेचा कणाच मोडावा. पण हेच जोतीराव निरीश्वरवादी नव्हते. सर्व माणसांना सारखेच घडवणारा एक 'निर्मिक' आहे, असे ते मानीत. १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ही कल्पना पानोपानी आहे. निर्मिकाने सर्वांना सारखे घडवले, मग उच्चनीचता कोठून आली, असा त्यांचा सवाल होता. सृष्टिकर्त्यावरची श्रद्धा त्यांनी विषमतेवर प्रहार करायला वापरली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बुद्ध आणि कबीर यांच्यासह जोतीरावांना आपला गुरू मानीत. परंतु सृष्टिकर्त्याच्या प्रश्नावर शिष्य गुरूच्या मागे गेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याच नागपुरात, आज जेथे दीक्षाभूमी आहे तेथे, त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वराने सृष्टी निर्माण केली या कल्पनेचा त्यांनी सविस्तर प्रतिवाद केला आहे.

आता बुद्धी मोजण्याची फूटपट्टी घेऊन बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी विचारते : निर्मिक मानणारे जोतीराव की तो नाकारणारे बाबासाहेब, यांतला कमी बुद्धीचा कोण? फूटपट्टी येथे मोडते. दोघांची उत्तरे वेगळी आहेत. पण पोथीत लिहिले आहे म्हणून खरे मानायचे नाही, ही रीत दोघांची एकच आहे.

बाजारातला दाखला

हे थोरांच्या बाबतीत ठीक, सामान्यांचे काय? त्यासाठी गांधीबागेच्या ठोक कापड बाजारात एक फेरी पुरेशी आहे. येथे जैन व्यापारी आहेत. जैन दर्शनानुसार विश्व अनादी आहे. त्याचा कोणी कर्ता नाही. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या महापुराणात जगत्कर्त्याच्या कल्पनेविरुद्ध तर्कशुद्ध युक्तिवाद आहेत. त्याच बाजारात मुसलमान व्यापारी आणि कारागीर येतात. सारी सृष्टी अल्लाने निर्माण केली ही त्यांची श्रद्धा. विष्णूला वा शंकराला जगाचा स्वामी मानणारे हिंदू आहेत आणि कर्ता न मानणारे बौद्धही आहेत. सृष्टीच्या कर्त्यावरून बुद्धी ठरत असती, तर एव्हाना बाजारातील एका बाजूच्या लोकांनी दुसऱ्या बाजूला केव्हाच बुडवले असते! प्रत्यक्षात थानाचा पोत बोटांनी ओळखणे, भावाची घासाघीस आणि उधारीचा हिशेब यांत कोणी कोणाला हार जात नाही.

शिवाय, जैन व्यापाऱ्याने कर्ता नाकारला तो डार्विन वाचून नव्हे, आणि मुसलमान विणकराने कर्ता मानला तो विज्ञान तपासून नव्हे. दोघांनाही आपापले उत्तर घरातून मिळाले. तसेच सुशिक्षित घरातील मुलाला 'उत्क्रांती' हे उत्तर घरातून वा शाळेतून मिळते. ते उत्तर बरोबर आहे. पण मिळालेल्या बरोबर उत्तराचे श्रेय स्वतःच्या बुद्धीला देणे हे काही न्यायाचे नाही.

पाहण्या काय सांगतात?

पाश्चात्त्य देशांत या विषयावर पुष्कळ मोजमापे झाली आहेत. मिरॉन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बुद्धिमापन चाचणीतील गुण आणि धार्मिकता यांत त्यांना सुमारे उणे ०.२४ एवढा सहसंबंध आढळला. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. मात्र आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. सहसंबंधांकाचा वर्ग केला तर तो सुमारे ०.०६ येतो, म्हणजे माणसामाणसांतील गुणांच्या फरकापैकी शेकडा सहा भागाचाच धार्मिकतेशी मेळ बसतो, चौऱ्याण्णव भागाचा बसत नाही. एवढ्यावरून समोरच्या एका माणसाबद्दल काहीही सांगता येणार नाही. त्यातून हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले व पाश्चात्त्य देशांतले, आणि मोजली ती एकूण धार्मिकता. कर्ता नसलेले धर्म जेथे शेजारी नांदतात, त्या गांधीबागेला ते जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे होईल.

दुसरी पाहणी मला अधिक बोलकी वाटते. अमेरिकेत २०१२ साली लोकांना विचारले गेले : आजचा माणूस पूर्वीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला, हे खरे की खोटे? ४८ टक्के लोकांनी 'खरे' म्हटले. काही लोकांना तोच प्रश्न 'उत्क्रांतीच्या सिद्धान्तानुसार' एवढे शब्द आधी जोडून विचारला, तेव्हा 'खरे' म्हणणारे ७२ टक्के निघाले. याचा अर्थ, विज्ञान काय सांगते हे कितीतरी लोकांना ठाऊक होते. पहिल्या प्रश्नाला 'खोटे' म्हणताना आपण कोणत्या लोकांतले आहोत, हे ते सांगत होते.

धर्मगुरूचा सिद्धान्त, शास्त्रज्ञाचा सिद्धान्त

विश्वोत्पत्तीच्या इतिहासात याहून गमतीचा प्रसंग आहे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला एका क्षणी आरंभ झाला, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे लेख १९२७ आणि १९३१ सालचे. विश्वाला आरंभच नाही, असा स्थिर विश्वाचा सिद्धान्त फ्रेड हॉइल आणि इतरांनी १९४८ साली मांडला. त्याच हॉइल यांचे शिष्य म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर. १९६५ साली अवकाशातून सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांचा कल आरंभाच्या बाजूला झुकला. नारळीकरांनी मात्र २०२५ साली झालेल्या निधनापर्यंत महास्फोटाच्या कल्पनेवर शंका घेण्याचा हक्क सोडला नाही.

म्हणजे, निर्मितीवर श्रद्धा असलेल्या धर्मगुरूचा सिद्धान्त पुराव्यावर टिकला आणि अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाचा मागे पडला. तरी यावरून बायबल खरे ठरले असे लमेत्र यांनी स्वतःच म्हणू दिले नाही. आपला सिद्धान्त आणि आपली श्रद्धा यांची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती. बुद्धिमान श्रद्धावान कसा असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मग बुद्धी ओळखायची कशावरून?

माझ्या मते, माणूस कोणते उत्तर मानतो यापेक्षा तो प्रश्न विचारू देतो की नाही, यावरून ती ओळखावी. मी आजीला उत्क्रांती समजावून सांगितली तेव्हा तिने शांतपणे सारे ऐकले आणि विचारले, "मंग पयला जीव कोठून आला व बाई?" निर्जीवापासून पहिला जीव कसा निर्माण झाला, या प्रश्नावर प्रयोगशाळांतून आजही संशोधन चालू आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीने नेमके तेथेच बोट ठेवले. साडीच्या नक्षीसाठी ताण्याचे किती धागे केव्हा उचलायचे, हा हिशेब कागदाविना डोक्यात ठेवणाऱ्या बाईला नेमका प्रश्न सुचावा, यात खरे पाहता नवल नाही. तिचे उत्तर माझ्याहून वेगळे आहे. बुद्धी कमी आहे असे मी म्हणू शकत नाही.

म्हणून थट्टा थांबली पाहिजे. परंतु शिकवणे थांबता कामा नये, हेही तितक्याच जोराने सांगितले पाहिजे. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याबद्दल १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी आवाहनपत्र काढले. हा प्रश्न आपल्या कला शाखेचा आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे प्रकरण मी वाचले. त्यानंतर एकाही वर्गात हा विषय माझ्यासमोर आला नाही. दहावीत ते प्रकरण नसते, तर पुढे ते मला कधीच भेटले नसते. ज्या घरात पुस्तके नाहीत, त्या घरातल्या मुलांचे पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण कमी झाले, तर ते भरून काढायला दुसरी जागा नसते. 'श्रद्धा दुखावेल' म्हणून त्यांना विज्ञान न सांगणे हासुद्धा त्यांच्या बुद्धीचा अपमानच आहे. कारण त्यांना ते झेपणार नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आली. त्यांतील एका कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवलेले आहेत. उत्क्रांती शिकून आपल्या माणसांना हसणाऱ्याने त्यांतला पहिलाच शब्द वाचला, आणि माणसे दुखावतील म्हणून विज्ञान झाकणाऱ्याने पहिला शब्द गाळला. आपल्यापैकी जे माझ्यासारखे घरातून पहिल्यांदाच येथवर आले आहेत, त्यांना दोन्ही शब्द घरी न्यावे लागतील. जे कळले ते घरी सांगावे, सांगताना आवाज चढवू नये, आणि समोरून येणारा प्रश्न आपल्या उत्तराइतकाच लक्षपूर्वक ऐकावा, असे मला वाटते.