वस्तीवरच्या शाळेसाठी वायरलेस ब्रिज : रेडिओ कोणता घ्यायचा, वेग किती मिळेल?



बऱ्याच गावांत भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली, पण वस्तीवरची शाळा तिथून एक-दीड किलोमीटर लांब. मधे ऊस, ओढा, कुणाचं तरी रान. केबल टाकायची म्हटलं की खोदाई आली. अशा वेळी ग्रामपंचायतीची लेखी संमती घेऊन दोन्ही छतांवर एकेक रेडिओ समोरासमोर बसवता येतो. यालाच पॉइंट टू पॉइंट लिंक किंवा वायरलेस ब्रिज म्हणतात. शाळेकडं पैसे एकदाच येतात, म्हणून खोक्यावरचे आकडे वाचायला आधी शिकू.

पहिली गोष्ट लहरींची. आपलं सांगली आकाशवाणी केंद्र 1251 किलोहर्ट्झवर लागतं. त्या लहरीची लांबी साधारण 240 मीटर. घर, झाड, टेकडी तिला फारशी अडवत नाही, म्हणून कुपवाडात घराच्या आतही रेडिओ वाजतो. ब्रिजचे रेडिओ बहुधा 5.8 गिगाहर्ट्झवर चालतात आणि तिथं लहर जेमतेम 5 सेंटिमीटरची. पानांनी भरलेलं एक आंब्याचं झाडसुद्धा तिला पुरतं. समोरचं छत डोळ्यांनी स्वच्छ दिसलंच पाहिजे.

आणि नुसतं दिसूनही भागत नाही. दोन अँटेनांमधली लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, मधे फुगते. दीड किलोमीटरच्या लिंकला मध्यावर रेषेखाली निदान 2.6 मीटर, म्हणजे जवळपास 9 फूट जागा मोकळी लागते. आता आपल्याकडचा हिशोब करा. ऊस 12 फूट झाला, त्यावर 9 फूट. जमीन सपाट असेल तर रेषा 21 फुटांवर हवी. एकमजली शाळेच्या छतावर त्यासाठी पाइप उभा करावाच लागतो. ऊस तुटल्यावर जोडलेली लिंक पुढच्या वर्षी ऊस वाढला की मंद का होते, ते यावरून कळेल.

पालघर जिल्ह्यात हाच प्रश्न आयआयटी मुंबईतल्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने हाताळला. खामलोली परिसरात झाडी आणि चढउतार. तिथं त्यांनी टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागेतून गावांना इंटरनेट देऊन पाहिलं. या लहरी लांब, त्यामुळे झाडीतून बऱ्या जातात. त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. पण तो पट्टा सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि तिथला रस्ता अरुंद. टीव्हीचं एक चॅनल 8 मेगाहर्ट्झचं, तर 5 गिगाहर्ट्झमध्ये 20, 40, 80 मेगाहर्ट्झचा रस्ता मिळतो. रस्ता जितका रुंद तितका वेग. शिवाय 2018 पासून 5 गिगाहर्ट्झ आपल्याकडं घराबाहेरही विनापरवाना वापरता येतं, शक्तीची मर्यादा पाळून. म्हणून शाळेसाठी हाच पट्टा. सेटिंगमध्ये देश 'भारत' निवडायला विसरू नका.

आता वेग. इथंच बहुतेकांची फसगत होते. टीपी-लिंकच्या सीपीई 510 या रेडिओवर 300 एमबीपीएस लिहिलेलं असतं. तो हवेतला कागदी वेग. त्यात जाणं-येणं दोन्ही आलं, कारण असा रेडिओ एका वेळी एकतर बोलतो नाहीतर ऐकतो. सिग्नल चांगला असेल तर प्रत्यक्षात साधारण निम्मा हाती येतो. पण तोही पूर्ण मिळत नाही. का? त्याचं केबलचं पोर्ट 100 एमबीपीएसचं आहे! हंड्यात पाणी कितीही असू दे, तोटी बारीक. 94-95 च्या वर आकडा जाणार नाही. युबिक्विटीच्या लाइटबीम 5 एसी या डिशला गिगाबिट पोर्ट आहे. 80 मेगाहर्ट्झच्या रस्त्यावर कागदी वेग 867, हातात 400 ते 500, तेही आजूबाजूला गोंगाट नसेल तर. कुपवाड एमआयडीसीसारख्या ठिकाणी इतका रुंद मोकळा रस्ता मिळणं मला अवघडच वाटतं.

पण मग मोठीच घ्यायची का? आधी गरज मोजा. दहा संगणकांवर एकाच वेळी व्हिडिओ, प्रत्येकी 5 धरले तर 50 एमबीपीएस. आणि पंचायतीतलं कनेक्शनच 50 चं असेल तर 500 चा पूल बांधून उपयोग काय? अशा शाळेला 40 मेगाहर्ट्झवर चालणारा साधा 100 पोर्टचा रेडिओ पुरतो.

मोकळ्या हवेत दीड किलोमीटरला सिग्नल सुमारे 111 डेसिबलने घटतो. कायद्याच्या मर्यादेत पाठवून समोर 13 डीबीआयचा अँटेना असेल तर -62 च्या आसपास सिग्नल मिळायला हवा, 23 डीबीआयची डिश असेल तर -52. (सहावीला पूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. -52 मोठा की -62?) दोन्ही चालतात. पण डिशचा झोत अरुंद असल्यामुळे ती शेजारचा गोंगाट कमी ऐकते. कारखाने, दुकानं, सीसीटीव्हीचे रेडिओ जवळ असतील तर डिश घ्या, रानातल्या शाळेला पॅनल चालेल. खोक्यावरच्या '15 किलोमीटर' कडं लक्षच देऊ नका.

बसवताना दोघं हवेत, एक या छतावर, एक त्या, फोनवर बोलत. डिश हळूहळू फिरवायची, आधी आडवी, मग उभी, आणि आकडा सर्वांत चांगला दिसेल तिथं नट आवळायचा. हिशोबापेक्षा 10 ने कमी आला तर मधे काहीतरी आडवं येतंय किंवा डिश बाजूच्या कमी ताकदीच्या झोतावर जुळली आहे.

वीज रेडिओला नेटवर्कच्या केबलमधूनच जाते. वरचे दोन्ही रेडिओ 24 व्होल्टचे आहेत, त्यामुळे सोबत आलेला अडॅप्टरच वापरा. वळवाच्या विजा लक्षात घेऊन शील्डवाली केबल आणि पाइपला अर्थिंग करून घ्या. वेग तपासताना आधी इंटरनेट बाजूला ठेवा. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून फक्त पुलाचा वेग मोजा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. नंतर 'नेट स्लो आहे' अशी तक्रार आली तर दोष पुलाचा की पंचायतीच्या कनेक्शनचा, हे त्या नोंदीवरून पाच मिनिटांत सांगता येईल.