ग्रामसभेचे इतिवृत्त : काय लिहावे, कसे लिहावे

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याने पूर्वी जनपद सभांचा कारभार पाहिला. 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान लाभले. आज ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका बंधनकारक आहेत. सभा संपते, मंडळी घरोघर जातात. मागे उरते ते इतिवृत्ताचे पुस्तक, ज्याला गावात ‘प्रोसिडिंग’ म्हणतात.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घेऊ. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत, अनेक विहिरींचे पाणी खारे. तेथे गोड्या पाण्याचा नळ कोणत्या वस्तीत आधी जावा, हा ग्रामसभेतील सर्वांत जिव्हाळ्याचा विषय होय. समजा, त्यावर दोन तास वादविवाद झाला आणि पुस्तकात एवढेच लिहिले गेले : ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.’ पुढे सरपंच बदलले, सचिवांची बदली झाली. टाकीची जागा कोणती ठरली होती? गावाच्या टोकावरील वस्तीने काय मागितले होते? पुस्तक मुके राहते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते.

तोच ठराव असा लिहिता येतो : ठराव क्रमांक व विषय; टाकीची निश्चित जागा; पहिल्या टप्प्यात येणाऱ्या वस्त्यांची नावे; खर्च कोणत्या निधीतून; सूचक व अनुमोदक; काम कोणी पाहावयाचे. कोणी विरोध केला असल्यास त्याचे नाव व कारणही. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरोखरच एकमत असेल तेव्हाच वापरावा. विरोध नोंदविल्याने गावाची अब्रू जाते, ही समजूत निराधार आहे.

गणपूर्तीची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार उपस्थित हवेत. संख्या भरली नाही तर सभा तहकूब झाल्याचे तसेच लिहावे. नंतर घरोघरी पुस्तक फिरवून सह्या गोळा करणे म्हणजे सरळ खोटी नोंद होय. ठरावाखाली कोऱ्या ओळी सोडण्याची सवयही तितकीच घातक. मागाहून तेथे काय भरले जाईल याचा नेम नसतो. खाडाखोड झाल्यास तेथे अध्यक्ष व सचिव यांनी सही करावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेतील सूचना ‘महिलांनी मते मांडली’ एवढ्यावर न संपविता एकेक करून उतरवाव्यात.

नेमक्या शब्दांचे बळ कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने दाखविले. 4 मे 2022 रोजी त्या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा त्यात नावानिशी होत्या. त्याच महिन्यात, 17 मे रोजी, इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे शासनाने परिपत्रकाद्वारे कळविले. ‘स्त्रियांच्या सन्मानाबाबत चर्चा झाली’ असे त्या पुस्तकात असते, तर इतर गावांनी काय उचलले असते?

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 नुसार कोणीही नागरिक इतिवृत्ताची प्रत मागू शकतो. अर्ज येण्याची वाट न पाहता ठरावांची प्रत सूचना फलकावर लावणे श्रेयस्कर. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून ती मोठ्याने वाचून घेतली, तर ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांपर्यंतही ती पोचेल. पुढील सभेचा आरंभ मागील इतिवृत्ताच्या वाचनाने करावा आणि ग्रामस्थांनी दुरुस्ती सुचविल्यास, ते कायम करण्यापूर्वी, तीही त्याच पुस्तकात घ्यावी.